प्रतिक्रियेला उत्तर: चार्जला मागे कोण खेचतं?

"ऊर्जा बाहेर जाते म्हणून उलटं बल लागतं, हा नुसता हिशेब झाला, कारण कुठंय? पुस्तकातून उतरवलेलं दिसतंय." वेग बदलणारा चार्ज (विद्युतभार) लहरींतून ऊर्जा बाहेर टाकतो आणि त्याचं उलटं बल त्याच्यावरच येतं, या माझ्या लेखावर असं तुम्ही लिहिलंत, वर एकसमान त्वरणाचा टोलाही हाणलात, की त्वरण बदलतच नसेल तर हे बल शून्य, मग बाहेर जाणारी ऊर्जा येते कुठून. शंका घ्या हो, पण 'उतरवलेलं' हे कशावरून ठरवलंत? उभी नोकरी बारावीला फिजिक्स शिकवण्यात गेली माझी, पोरं फळ्यापाशी येऊन हेच विचारायची, पण "सर, पटत नाही" म्हणायची, अंगावर यायची नाहीत.

लार्मरच्या सूत्रापुढे (त्वरणातला चार्ज किती ऊर्जा बाहेर टाकतो ते सांगणारं) 1897 हे साल द्यायला हवं होतं, तेवढं मान्य, टाकतो.

आता कारण. लेखात होतं, पण तुम्ही तिथवर पोचला नाहीत बहुतेक. चार्ज म्हणजे दांडीच्या दोन टोकांना बसवलेले दोन सारखे तुकडे समजा, दांडी लांबीच्या दिशेने पळतेय. एकाचं क्षेत्र दुसऱ्याला लगेच कळत नाही, प्रकाशाच्या वेगानेच पोचतं, आणि तेवढ्यात दुसरा हललेला असतो. वेग कायम असेल तर दोघांचे धक्के तंतोतंत फिटतात, वेग बदलायला लागला की फिटत नाहीत आणि बाकी उरते ती स्वतःवरच. त्या बाकीतला एक भाग त्वरणाच्या प्रमाणात असतो, तो वस्तुमानात जमा होतो. दुसरा त्वरण किती झपाट्याने बदलतंय त्यावर ठरतो, दांडी कितीही आखूड करा तो हटत नाही, आणि अब्राहम-लॉरेंट्झ बल म्हणतात ते हेच. याला हिशेब म्हणायचं?

मी हॅमवालाही आहे, म्हणजे हौशी रेडिओवाला. गच्चीवर अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल, म्हणजे तारेचा अँटेना, ताणलाय, तांब्याचा स्वतःचा रेझिस्टन्स जेमतेम, तरी ट्रान्समीटरला तिथे साधारण 73 ओहम दिसतात, तार किती उंचावर आहे त्यानुसार थोडे कमीजास्त. तारेतले इलेक्ट्रॉन हलवायला जो जोर लागतो तोच तो, मीटरवर दिसतो! इंदूरच्या इंडस-2 या इलेक्ट्रॉन गोल फिरवणाऱ्या यंत्रात तर प्रत्येक फेरीत इलेक्ट्रॉनची गेलेली ऊर्जा आरएफ कॅव्हिटीला (रेडिओ लहरींनी इलेक्ट्रॉनला ढकलणाऱ्या पोकळीला) भरून द्यावी लागते, नाहीतर बीम टिकणारच नाही.

एकसमान त्वरणाचं म्हणाल तर त्यावर जाणकार गेली शंभर वर्षं भांडतायत, जवळच्या क्षेत्रातली ऊर्जाही मोजावी लागते, ते इथे काढायचं कारण नव्हतं. आणि पुढच्या वेळी लिहिताना लेखातली कुठली ओळ चुकीची वाटली ती उचलून दाखवा, तेवढ्याच ओळीवर बोलू.