जुन्या गाडीचा पेट्रोल पाईप आधी बदला, पॉलिश नंतर करा

उन्हाळा लागला की घाटात, हायवेवर धावत्या गाडीने पेट घेतल्याच्या बातम्या यायला लागतात. बातमीचा शेवट बहुतेक वेळा ठरलेला असतो : ‘शॉर्टसर्किटमुळे आग लागली असावी, असा प्राथमिक अंदाज आहे.’ गाडीचा सांगाडाच उरल्यावर यापुढचा शोध घेणं कठीण असतं, हे मला समजतं. पण आपणही तिथेच थांबतो आणि आग हा नशिबाचा भाग आहे असं धरून चालतो. मला हे अजिबात पटत नाही. जुनी गाडी पेटते त्याआधी तिने बरेचदा कित्येक आठवडे वास दिलेला असतो, खाली डाग पाडलेला असतो, फ्यूज उडवून दाखवलेला असतो.

आमच्या घरी वडिलांची कार्ब्युरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा जुना भाग) मारुती ८०० अजून चालू आहे. त्यामुळे जुन्या गाड्या भंगारात काढा असं मी कधीच म्हणणार नाही. मी म्हणतोय ते एवढंच की पंधरा-वीस वर्षांच्या गाडीवर सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम, रंगकाम यासाठी आपण हजारो रुपये मोजतो आणि काही शे रुपयांचा रबरी पाईप मात्र गळेपर्यंत बदलत नाही. प्राधान्य उलटं करायला हवं.

टाकीपासून इंजिनपर्यंत पेट्रोल बरंचसं लोखंडी नळीतून जातं. पण इंजिन थरथरतं, बॉडी स्थिर असते, म्हणून दोन्ही टोकांना आणि मधल्या काही जोडांवर रबरी पाईप द्यावा लागतो. हे रबर गाडी उभी असली तरी म्हातारं होतं. बॉनेटखालच्या उष्णतेने ते कडक पडतं, मग तडकतं. तपासायला मेकॅनिकच लागतो असं नाही. इंजिन थंड असताना पाईप बोटांनी किंचित वाकवून बघा. वाकलेल्या जागी बारीक भेगा दिसल्या, पाईप लाकडासारखा कडक लागला, क्लिपजवळ फुगलेला किंवा ओलसर वाटला, तर त्याच आठवड्यात बदला. काहीच दिसलं नाही तरी दर पाच वर्षांनी सगळे रबरी पाईप आणि क्लिपा नव्या घालायच्या, असा माझा नियम आहे. इंजिन ऑइल आपण खराब झालेलं दिसण्याची वाट न बघता बदलतो ना, तसंच हे.

कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलचा दाब अगदी कमी असतो, त्यामुळे गळती थेंबाथेंबाने होते आणि वास येतो. इंजेक्शनच्या, म्हणजे एमपीएफआय गाडीत दाब साधारण तीन बार असतो. तिथे भेग पडली की पेट्रोल फवाऱ्यासारखं उडतं आणि शेजारी तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातून जळका धूर बाहेर नेणारी लोखंडी नळी) असतो. पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांनाही पेट घेऊ शकते. आपल्याकडच्या मे महिन्यात तिला फक्त एक ठिणगी हवी असते, आणि ठिणगी द्यायला बॉनेटखाली डिस्ट्रिब्युटर (प्लगना करंट वाटणारा भाग), डायनॅमो, सैल टर्मिनल असं सगळं हजर असतं.

म्हणून ‘कुठला पाईप टाकला’ हे गॅरेजमध्ये उभं राहून विचारा. चांगल्या पाईपवर छापलेलं असतं. एसएई जे३० हे पेट्रोल पाईपचं मानक, त्यातला आर६ हा कमी दाबाचा, कार्ब्युरेटरसाठी. आर९ हा इंजेक्शनसाठी. दोघांची जाडी हातात जवळपास सारखीच लागते, त्यामुळे दुकानातून चुकीचा सहज येतो. काही ठिकाणी चक्क पाण्याचा पाईप किंवा पारदर्शक प्लॅस्टिकची नळी लावून गाडी परत देतात. ती पहिले काही दिवस उत्तम चालते. नंतर पेट्रोलने नरम पडते आणि क्लिपमधून सुटते. इंजिनजवळ मधेच लावलेला छोटा प्लॅस्टिकचा पेट्रोल फिल्टर असेल, तर तो मॅनिफोल्डला किंवा प्लगच्या वायरींना टेकलेला नाही ना, तेही बघा.

यात आता इथेनॉलची भर पडली आहे. पंपावर मिळतं ते पेट्रोल आता वीस टक्के इथेनॉलचं आहे. आमचा सगळा भाग उसाचा, त्यामुळे इथेनॉलला विरोध करायला मी लिहीत नाही. पण जुन्या गाड्यांची रबरं या मिश्रणाचा विचार करून बनवलेली नव्हती. इथेनॉलमुळे जुनं रबर फुगतं, नरम पडतं, पुढे वाळून तडकतं. शिवाय ते हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीची टाकी आतून गंजू शकते. २०२३ च्या एप्रिलपासून बनलेल्या गाड्यांचे भाग ई२०, म्हणजे हेच वीस टक्क्यांचं पेट्रोल चालेल अशा साहित्याचे आहेत. त्याआधीची गाडी असेल, विशेषतः गेल्या शतकातली, तर पाईप, इंजेक्टरचे ओ-रिंग (रबरी कडी), पंपाचा डायफ्राम (रबरी पडदा) आणि टाकीच्या फ्लोटचं पॅकिंग हे सगळं एकदा इथेनॉल सोसणाऱ्या साहित्यात बदलून घ्यावं. हा खर्च टाळण्यासारखा नाही, हे माझं ठाम मत आहे.

टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग गळून ऑइल सायलेन्सरच्या बाजूला ओघळत असेल तर तेही तसंच सोडू नका. ‘जुनी गाडी आहे, थोडं पाझरणारच’ हे वाक्य गॅरेजमध्ये फार ऐकू येतं. तापलेल्या मॅनिफोल्डवर ऑइल, ब्रेक ऑइल, अगदी कूलंटसुद्धा पेटू शकतं. सर्व्हिसिंग झाल्यावर बॉनेटमध्ये पुसायचं फडकं राहिलेलं नाही, एवढं मात्र स्वतः बघून निघा.

आता वायरिंग. जुन्या गाडीत सर्वांत धोकादायक काम कुठलं असेल तर ‘डायरेक्ट करणं’. फ्यूज उडतो, वायरमन दहा अँपिअरच्या जागी तीसचा घालतो किंवा तांब्याची तार गुंडाळतो. फ्यूज उडतो तो वायर वाचवायला. तो उडायचा थांबला की तापायची पाळी वायरीची. हेडलाइटचंच बघा. ६० वॉटचे दोन बल्ब बारा व्होल्टवर साधारण १० अँपिअर घेतात. रात्री उजेड कमी पडतो म्हणून १०० वॉटचे लावले की करंट जवळपास १७ अँपिअर होतो. वायरीतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे त्याच जुन्या वायरीत आता पावणेतीनपटीच्या आसपास उष्णता. कपलर (वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा जोड) वितळतो, स्विच तापतो, डॅशबोर्डच्या मागे जळका वास येतो. जास्त उजेड हवाच असेल तर बॅटरीपासून वेगळी जाड वायर, रिले (जास्त करंट स्वतः चालू-बंद करणारा स्विच) आणि स्वतःचा फ्यूज, एवढं करून घ्या. हॉर्न, फॉग लॅम्प, अॅम्प्लिफायर, सगळ्यांना हाच नियम.

आणखी एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. बऱ्याच जुन्या गाड्यांत बॅटरीपासून स्टार्टरकडे जाणाऱ्या जाड केबलला फ्यूजच नसतो. ती केबल पत्र्याला घासून आतली तार बॉडीला टेकली तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतत राहते, किल्ली काढलेली असली तरीही. ती केबल जिथे पत्र्यातून जाते किंवा वळते तिथे हात फिरवून बघा. बॅटरी पट्टीने घट्ट आवळलेली हवी, पॉझिटिव्ह टर्मिनलवर रबरी टोपी हवी. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहत असेल तर बॅटरी कट-ऑफ स्विच बसवून घ्या. जुन्या गाडीवर याहून चांगला खर्च मला माहीत नाही. पावसाळ्यात उंदीर वायरी कुरतडतात, तेव्हा बरेच दिवस उभी असलेली गाडी सुरू करण्याआधी बॉनेट उघडून बघणं आलंच.

सीएनजी असेल तर सिलिंडरची हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी करणं बंधनकारक आहे. सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत दाबाने गॅस भरलेला असतो, त्यामुळे इथे ओळखीच्या माणसाकडून खोटा शिक्का मारून घेणं म्हणजे मागच्या सीटवर बसणाऱ्या पोरांच्या जिवाशी खेळ आहे. सिलिंडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह कुठे आहे हे घरातल्या गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवं, आणि तो बंद करता आला पाहिजे. आणि घरगुती गॅसच्या टाकीवर व्हॅन चालवणं बेकायदा तर आहेच, पण एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळलेला गॅस बाहेर न जाता गाडीच्या तळाशी साठतो. अशा व्हॅनमधून शाळेची मुलं नेली जात असतील तर गप्प बसू नका, आरटीओकडे तक्रार करा.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा, गाडीखाली खूप तापणारा डबा) असलेली गाडी लांबून आल्या आल्या वाळल्या गवतावर किंवा उसाच्या पाचटावर उभी करू नये. शेतावर लग्नकार्य असलं की हमखास असंच पार्किंग असतं.

इतकं करूनही आग लागू शकते. म्हणून एक किलोचा तरी एबीसी पावडरचा, आयएसआय मार्कचा अग्निशामक गाडीत ठेवा. ठेवा म्हणजे ड्रायव्हरच्या हाताशी, ब्रॅकेटमध्ये. डिकीत बॅगांखाली असलेला काही उपयोगाचा नाही. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते महिन्याला बघा, आणि डबा उलटासुलटा करून हलवा, कारण पावडर तळाशी घट्ट बसते. एक किलोचा डबा जेमतेम आठ-दहा सेकंद चालतो. तेवढ्यात लहान आग विझते, मोठी नाही.

धूर किंवा वास आला की घाट संपायची वाट बघू नका. डावीकडे घ्या, इंजिन बंद करा (त्याने इलेक्ट्रिक पेट्रोल पंपही थांबतो), हँडब्रेक ओढा, सगळ्यांना रस्त्याकडेच्या बाजूने उतरवा. मागच्या दारांना चाइल्ड लॉक असेल तर मुलं आतून दार उघडू शकणार नाहीत, म्हणून बाहेरून दार कोण उघडणार ते घरात आधीच ठरलेलं असावं. पॉवर विंडो आणि सेंट्रल लॉक वायरिंग जळालं की दगा देऊ शकतात. काच फोडायचा छोटा हातोडा आणि बेल्ट कापायची पाती पुढे हाताशी ठेवा. बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर मारायचं. पुढची काच लॅमिनेटेड, म्हणजे मधे प्लॅस्टिकचा थर असलेली असते, तिच्यावर वेळ घालवू नका.

बॉनेटमधून धूर येतोय म्हणून बॉनेट पूर्ण उघडायचं नाही. आत हवा घुसते आणि भडका अंगावर येतो. उतरताना आतली बॉनेटची कळ ओढा, बॉनेट बोटभर वर येईल, त्या फटीतून पावडर मारा. ज्वाळा बाहेर दिसत असतील, आग टाकीच्या बाजूला असेल किंवा गाडी गॅसची असेल, तर अग्निशामक हातात असला तरी लांब व्हा. पेट्रोलच्या आगीवर बाटलीतलं पाणी ओतू नका, पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं. वारा जिकडून येतो त्या अंगाला, तीस-चाळीस मीटरवर, हायवे असेल तर बॅरिअरच्या पलीकडे उभे राहा आणि ११२ किंवा १०१ ला फोन करा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आहे. फाइल, मोबाइल, दागिने, कशासाठीही परत आत जायचं नाही. सीटच्या फोमचा धूर दोन-चार श्वासांत माणूस पाडतो.

विम्याचं थोडक्यात. जुनी गाडी म्हणून बहुतेकजण फक्त थर्ड पार्टी काढतात. त्यात स्वतःच्या गाडीची आग येत नाही. गाडीची किंमत कमी असली तरी थर्ड पार्टीबरोबर आग आणि चोरीचं संरक्षण मिळतं का ते एजंटला विचारा. नंतर बसवलेलं सीएनजी किट आरसीवर आणि पॉलिसीवर नोंदलेलं नसेल तर क्लेम अडकतो.

आणि एक मागणी. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची पुन्हा नोंदणी होते, पुढे दर पाच वर्षांनी. त्या वेळी पेट्रोल पाईप आणि मुख्य वायरिंगची तपासणी सक्तीची करून तिची नोंद कागदावर यायला हवी. तोवर हे काम आपणच करायचं आहे. इंजेक्शनला चालणारा आर९ पाईप आपल्या गावात मीटरवर सुटा कुठल्या दुकानात मिळतो, ते ज्यांना माहीत असेल त्यांनी गावाच्या नावासकट खाली लिहा. लहान गावांत तो शोधतानाच लोकांचे दिवस जातात आणि शेवटी मिळेल तो पाईप लागतो.