होम्बुर्ग की हॅम्बुर्ग? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. होम्बुर्गच्या जुन्या टेनिस स्पर्धेवरच्या लेखावर आपण चार आक्षेप घेतले आहेत. जर्मन अजिंक्यपद स्पर्धा हॅम्बुर्गची, ती ‘होम्बुर्ग’ला झाली असं लिहिणं ही मुद्रणचूक आहे. जुगार १८७२ ला बंद झाला आणि स्पर्धा १८९४ ला सुरू झाली, तर एकाचा दुसऱ्याशी संबंध कसा? हँडिकॅपचे, म्हणजे दुबळ्याला गुणांची सवलत देऊन खेळायचे, सामने असणारी स्पर्धा म्हणजे हवापालटाला आलेल्या श्रीमंतांचा विरंगुळा, तिला क्रीडा-इतिहासात जागा कशाला? आणि तिथे आजही महिलांची मोठी स्पर्धा होते, मग ती ‘बंद पडलेली’ कशी? यातल्या दुसऱ्या आक्षेपात आपलं बरोबर आहे. बाकीच्या तिन्हींत मला माझं म्हणणं सोडता येत नाही, आणि कारणं देण्यासारखी आहेत.

आधी नावाचं. हॅम्बुर्ग हे उत्तरेचं मोठं बंदर. होम्बुर्ग हे फ्रँकफुर्टपासून जेमतेम १७ किलोमीटरवर, टाउनुस डोंगरांच्या पायथ्याशी असलेलं औषधी झऱ्यांचं गाव. या दोन गावांत सुमारे ४०० किलोमीटरचं अंतर आहे. जर्मन अजिंक्यपद १८९२ मध्ये हॅम्बुर्गला सुरू झालं, इथवर आपलं बरोबर आहे. पण १८९८ ते १९०१ अशी सलग चार वर्षं ते होम्बुर्गला खेळलं गेलं आणि नंतर परत हॅम्बुर्गला गेलं. त्या चार वर्षांतले पुरुष एकेरीचे विजेते असे: १८९८ हॅरल्ड मॅहोनी, १८९९ क्लॅरेन्स होबार्ट, १९०० जॉर्ज हिलियर्ड, १९०१ मॅक्स दकुजिस. म्हणजे एक आयरिश, एक अमेरिकन, एक इंग्रज आणि एक फ्रेंच. जर्मनीच्या अजिंक्यपदावर चार वर्षांत एकाही जर्मनाचं नाव नाही. ही यादी हॅम्बुर्गच्या स्थानिक क्लबांची वाटत नाही. ऑगस्टमध्ये झऱ्याचं पाणी प्यायला अर्धं युरोप जिथे जमायचं त्या गावाची वाटते.

हा घोळ पुष्कळ ठिकाणी झालेला दिसतो, आणि जुनी कागदपत्रं वाचणाऱ्या कुणालाही तो पुन्हा होऊ शकतो. देवनागरीत तर फरक एका मात्रेचा आहे. म्हणून ओळखायच्या खुणा सांगतो. जुन्या जर्मन मजकुरात गावाचं नाव ‘होम्बुर्ग फोर देअर ह्योअ’ असं येतं. ‘ह्योअ’ हे टाउनुसचं जुनं नाव, आणि नावाची ही शेपटी बहुतेक वेळा तीन अक्षरांच्या संक्षेपात छापलेली असते. ती दिसली की हॅम्बुर्गचा प्रश्नच उरत नाही. ‘बाड’, म्हणजे स्नानाचं ठिकाण, हे उपपद गावाला १९१२ मध्ये मिळालं. त्यामुळे १८९८ च्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या कागदावर ‘बाड होम्बुर्ग’ असेल, तर तो मजकूर किंवा निदान ते शीर्षक नंतरचं आहे असं धरावं. आणखी एक सापळा म्हणजे जर्मनीच्या झारलांड प्रांतात आणखी एक होम्बुर्ग आहे, त्याचा या स्पर्धेशी काही संबंध नाही. नुसत्या नावावर विसंबू नका. वर्ष, महिना आणि खेळाडूंची नावं तिन्ही जुळतात का ते पाहा.

आता जुगाराचं. ‘जुगार बंद झाला आणि गावानं टेनिस आणलं’ हे माझं वाक्य घाईचं होतं. मधली बावीस वर्षं त्यात गिळली गेली. खरा क्रम असा आहे. झऱ्यांवर गाव उभं राहत होतंच. त्यातल्या मुख्य झऱ्याला एलिझाबेथ हिचं नाव आहे. ही इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जची मुलगी, १८१८ मध्ये लग्न करून होम्बुर्गच्या राजघराण्यात आली. म्हणजे इंग्रजांचा इथला राबता टेनिसच्या कितीतरी आधीचा. १८४१ मध्ये फ्रान्स्वा आणि लुई ब्लां या भावांनी इथे कॅसिनो उघडला आणि रूलेट या जुगाराच्या चाकावर दोनऐवजी एकच शून्य ठेवलं. चेंडू शून्यावर थांबला की बहुतेक पैसे मालकाचे. अडतीस घरांत दोन शून्यं असली तर मालकाचा वाटा शंभराला ५.२६ पडतो, सदतीस घरांत एक शून्य असलं तर २.७०. मालकाचा वाटा जवळजवळ निम्मा झाल्यावर गिऱ्हाईक लोटलं, आणि त्या पैशावर गावाचा थाट उभा राहिला. झऱ्यांभोवतीच्या विस्तीर्ण बागेची आखणी लेनेसारख्या नामांकित उद्यानकारानं केली. १८६६ मध्ये होम्बुर्ग प्रशियात गेलं आणि १८७२ च्या अखेरीस जुगार कायद्यानं थांबला.

उत्पन्न गेलं तरी बाग, हॉटेलं आणि झरे जागेवरच होते. पाहुणा तीन-चार आठवडे टिकून राहावा यासाठी त्याला दिवसभर काहीतरी हवं होतं. उपचाराचं वेळापत्रक सकाळचं: रिकाम्या पोटी खारं, वायू मिसळलेलं थंड पाणी पेला-पेला करून प्यायचं आणि दोन पेल्यांच्या मध्ये चालायचं. न्याहारी झाली की पुढचा सगळा दिवस मोकळा. ती मोकळी जागा खेळानं हळूहळू भरली. १८७६ मध्ये बागेत टेनिसचं मैदान आखलं गेलं. युरोपच्या मुख्य भूमीवरचं ते पहिलं, असा गावाचा दावा आहे. १८८२ पासून इंग्लंडचा युवराज एडवर्ड इथे येऊ लागला. होम्बुर्ग टोपी जगभर पसरली ती त्याच्या डोक्यावरून. मग गोल्फ आलं, आणि १८९४ पासून आंतरराष्ट्रीय टेनिस स्पर्धा. तेव्हा जुगार आणि स्पर्धा यांच्यात थेट धागा नाही हे आपलं म्हणणं मान्य. दोन्हींची गरज मात्र एकच होती: आलेल्या पाहुण्याला गावात थोपवून धरणं.

हँडिकॅपविषयी जरा सविस्तर लिहावं लागेल, कारण आपल्या आक्षेपाचा सगळा भार त्यावर आहे. झऱ्यांच्या गावांतल्या स्पर्धांत दोन वेगळ्या गोष्टी शेजारी-शेजारी चालायच्या. खुल्या एकेरीत कुणालाही सवलत नसे. वर दिलेले विजेते तिथले. हँडिकॅपचे सामने निराळे, आणि त्यांचं गणित विरंगुळ्याचं नव्हतं. दुबळ्या खेळाडूला प्रत्येक गेमच्या आरंभी १५ किंवा ३० (म्हणजे एक किंवा दोन गुण) द्यायचे, किंवा तगड्याला ‘देणेकरी’ करायचं. ‘देणं १५’ म्हणजे त्याची सुरुवात शून्याच्या खाली, आणि पहिला गुण फक्त शून्यावर येण्यात खर्च.

आता हिशेब करून पाहा. एखादा खेळाडू समोरच्याविरुद्ध शंभरातले साठ गुण जिंकतो असं धरू. बरोबरीनं सुरुवात केली तर तो शंभरातले सुमारे ७४ गेम जिंकेल. समोरच्याला १५ दिले की ५८. ३० दिले की एकदम ३७. म्हणजे १५ कमी पडतात आणि ३० फार होतात. याच अडचणीवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस षष्ठांशांची पद्धत रुळली. एक षष्ठांश म्हणजे दर सहा गेमपैकी एका गेममध्ये एक वाढीव गुण. ‘१५ अधिक दोन षष्ठांश’ म्हणजे चार गेममध्ये १५ आणि दोन गेममध्ये ३०. वरच्या जोडीला हीच सवलत लावली तर तगडा शंभरात जवळजवळ ५१ गेम जिंकतो, आणि सामना खऱ्या अर्थानं बरोबरीचा होतो. दोघांनाही सवलत किंवा देणं असेल तर दोन्हींमधला फरक काढून लावायचा.

हे बिघडतं कुठे? पहिल्याच अंदाजात. हँडिकॅप ठरवणाऱ्यासमोर पाच देशांतून आलेले, आधी कधी न पाहिलेले खेळाडू असतात. एखाद्यानं आपलं बळ झाकून ठेवलं आणि त्याला १५ ऐवजी ३० मिळाले, तर काय उलथापालथ होते ते वरच्या आकड्यांतच दिसतं. आणि फायदा काय? विम्बल्डन जिंकलेल्या माणसासमोर पोटाच्या उपचाराला आलेला बेताचा खेळाडू खराखुरा सामना खेळू शकतो. तो नाव नोंदवतो, प्रवेश-फी भरतो, हॉटेलात आणखी आठवडाभर राहतो. आणि त्याच गावात खुल्या गटाला मॅहोनी आणि हिलियर्ड लाभले. मॅहोनी १८९६ चा विम्बल्डन विजेता. जॉर्ज हिलियर्ड पुढे १९०७ पासून विम्बल्डनच्या क्लबचा सचिव होता, आणि त्याची पत्नी ब्लांच सहा वेळा विम्बल्डन जिंकली. १९०० मध्ये होम्बुर्गला पुरुष आणि महिला एकेरीची दोन्ही जर्मन अजिंक्यपदं या नवरा-बायकोनं नेली. याला विरंगुळा म्हणणं त्या खेळाडूंवर अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं.

शेवट कसा झाला याबद्दल लेखात मी फक्त महायुद्धाकडे बोट दाखवलं होतं. आपण तो मुद्दा काढलेला नाही, पण तोही अपुराच होता. पाया आधीच सरकू लागला होता. एडवर्डची बहीण, जर्मनीची राजमाता व्हिक्टोरिया, जवळच क्रोनबेर्गला राहायची. ५ ऑगस्ट १९०१ ला, ऐन मोसमात, ती तिथेच वारली. एडवर्ड त्याच वर्षी राजा झाला होता. १९०३ पासून त्यानं उपचारासाठी मारिएनबाड या बोहेमियातल्या झऱ्यांच्या गावाची वाट धरली आणि १९०९ पर्यंत तो दर वर्षी तिथे गेला. राजा जिथे, मंडळी तिथे. जर्मन अजिंक्यपदही एव्हाना हॅम्बुर्गला परतलं होतं. ते परत का गेलं याचं कारण मी या घटनांना जोडत नाही. एवढंच, की होम्बुर्गचे दोन्ही टेकू एकाच सुमारास निघाले.

मग १९१४. जर्मनीनं १ ऑगस्टला रशियाशी युद्ध पुकारलं आणि ४ ऑगस्टला ब्रिटन उतरलं. होम्बुर्गचा मोसम नेमका ऑगस्टचा, आणि पाहुण्यांत इंग्रज आणि रशियन भरपूर. त्याच आठवड्यात जर्मनीचे टेनिसपटू फ्रोइट्सहाइम आणि क्रॉइत्सर अमेरिकेत पिट्सबर्गला डेव्हिस कपची लढत संपवून निघाले होते. परतीच्या जहाजावरच ते ब्रिटिशांच्या हाती लागले. युद्धानंतर जर्मन टेनिस बरीच वर्षं आंतरराष्ट्रीय वर्तुळाबाहेर राहिलं. डेव्हिस कपमध्ये जर्मनी १९२७ ला परतली. तोवर ज्या जगावर ऑगस्टचा तो मेळा जगत होता, ते जगच उरलं नव्हतं.

राहिली आजची स्पर्धा. २०२१ पासून बाड होम्बुर्गला महिलांची व्यावसायिक स्पर्धा होते; पहिल्या वर्षी अँजेलिक कर्बर जिंकली. ती जूनमध्ये, विम्बल्डनच्या आदल्या आठवड्यात, गवतावर होते. जुनी स्पर्धा विम्बल्डननंतर ऑगस्टमध्ये व्हायची, तिच्यात पुरुष होते, हौशी पाहुणे होते, हँडिकॅप होतं. गाव तेच आणि बागही तीच, पण तेवढ्यावर विजेत्यांची यादी पुढे चालू ठेवता येत नाही. म्हणून ‘बंद पडलेली’ हा शब्द मी कायम ठेवतो आहे.

लेखात दोन दुरुस्त्या केल्या आहेत. जुगाराचं वाक्य काढून तिथे १८७६, १८८२ आणि १८९४ हे टप्पे क्रमानं घातले आहेत, आणि शेवटच्या परिच्छेदात १९१४ च्या आधी १९०१ आणि १९०३ जोडले आहेत. ‘होम्बुर्ग’वरची मात्रा आहे तशीच आहे.