आंजर्ल्याला शांततेसाठी जाताना

पुण्या-मुंबईतली शांतता संपली असून ती आता दापोलीच्या पुढे आंजर्ल्याला मिळते, हे तुम्हाला एका रीलवरून कळलं, फार बरं झालं. ‘इथे कोणीच येत नाही’ असं त्या रीलमध्ये सांगितलंय आणि ते लाखो लोकांनी ऐकलंय. म्हणजे जागा खात्रीची आहे.

जायचं ते जोडून सुट्टी येईल तेव्हाच. अधल्यामधल्या बुधवारी गेलात तर तिथे खरोखरच कोणी नसतं, मग तुम्ही शांततेत बसला आहात हे पाहायचं कोणी? पुण्याचे असाल तर ताम्हिणी उतरून माणगाव गाठा. मुंबईचे असाल तर २०११ पासून रुंद होत असलेला गोवा महामार्ग आहेच; एका जागी निमूट बसून राहण्याचा सराव तिथेच होऊन जाईल. गाडी मात्र घरातली सर्वांत मोठी काढा. नसेल तर मेव्हण्याची मागून घ्या.

मोठी गाडी का, हे गावात शिरल्यावर कळेल. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, गडग्यांवरून डोकावणाऱ्या पोफळी आणि मधून जेमतेम एका गाडीपुरता रस्ता. ज्यांनी ही गल्ली आखली त्यांनी तुमच्या गाडीची रुंदी आधी विचारून घ्यायला हवी होती. समोरून एसटी आली की मागे हटू नका. एसटीत असतं कोण? दापोलीहून डोळे तपासून परतणारी आजी, कॉलेजची पोरं, दोन पिशव्या बाजार. तुमचा चेक-इन बाराचा आहे. कंडक्टर खाली उतरून “साहेब, जरा मागं घ्या” म्हणेल, तेव्हा काच वर करून घ्या. शेवटी वाडीतून एखादा बापया येईल, “येऊ द्या, येऊ द्या, आता डावीकडे काटा” करत तुमची गाडी इंचाइंचाने कोणाच्या तरी अंगणात घालून देईल. त्याला शंभराची नोट दाखवा. तो घेणार नाही. मग त्यालाच विचारा, इथे कोळंबी फ्राय कुठे चांगली मिळते?

राहायला घरगुती सोय शोधली असेलच. तिथल्या काकू आदल्या रात्रीच विचारतील, “उद्या जेवायला किती पानं?” या प्रश्नाला उत्तर देणं कटाक्षाने टाळा. स्वयंपाकघरात बाई एकच आहे, नारळ खवायचेत, बिरड्याचे वाल भिजवून मोड आणून सोलायचेत, असल्या तपशिलात गिऱ्हाइकाने का पडावं? “बघू, बाहेर खाऊ कदाचित” म्हणा आणि दुपारी दीड वाजता ओल्या कपड्यांनी ओटीवर उभे राहून नऊ पानं सांगा. मोदक मात्र उकडीचेच हवेत. उकड काढायची, मळायची, कळ्या पाडायच्या, वाफवायचं, याला फार तर दहा मिनिटं लागत असावीत. पान वाढल्यावर छोट्याला नूडल्स हवे असल्याचं आठवू द्या. कुळथाच्या पिठल्याचा फोटो काढा आणि ‘ऑथेंटिक’ असं लिहून ते तसंच ठेवा.

जून-जुलैत गेलात तर सुरमईसाठी हट्ट धरा. यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ आणि समुद्रही खवळलेला. पण माशांच्या बाळंतपणापायी तुमची सहल का फुकट जावी? हंगामात गेलात तर पलीकडे हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव बघायला जरूर जा. नाकाला रुमाल लावून, भाव पुकारणाऱ्या बाईच्या आणि टोपलीच्या बरोबर मधे उभे राहा. बंदराला माशांचा वास येतो, ही गोष्ट तुमच्याआधी कोणाच्या लक्षातच आलेली नाही; तेव्हा परीक्षणात एक तारा कमी द्यायला विसरू नका.

आता मुख्य कार्यक्रम: पुळणीवर गाडी घालणे.

ओहोटीला पुळण कशी लांबरुंद, ओली, घट्ट दिसते. जाहिरातीत गाडी अशाच वाळूवरून पाणी उडवत जाते. जाहिरातीतली भरती किती वाजता होती हे कोणी सांगत नाही, तेव्हा तुम्हीही विचारू नका. किनाऱ्यावर पाटी असेल, ती पार्किंगची खूण समजा. भरती-ओहोटीचं गणित इथल्या शाळकरी पोरालाही येतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते: अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. दुसऱ्या दिवशी पाऊण-एक तास पुढे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी नेहमीपेक्षा बरंच वर. एवढं सोपं असल्यामुळेच ते शिकण्यात काही प्रतिष्ठा नाही.

संकष्टीला आलेल्यांना तर हे गणित फारच सोयीचं. सकाळी कड्यावरच्या गणपतीचं दर्शन घ्यायचं, उजव्या सोंडेचा म्हणून जरा जपून नमस्कार करायचा, वरून सुवर्णदुर्ग दिसतो तो फोटोत घ्यायचा आणि जेवून दोनच्या सुमाराला गाडी वाळूत. चार पाऊण तीन. या गणपतीचं देऊळ पूर्वी खाली समुद्रकाठी होतं, पाणी चढू लागलं तसा देव कड्यावर जाऊन बसला, अशी आख्यायिका आहे. जाता जाता टेकलेलं पाऊलही दाखवतात. देवाने वेळेत जागा सोडली. तुमच्या गाडीला मात्र चारही चाकांचा जोर आहे, ती कशाला जागा सोडेल? चाक फिरेल तितकी वाळू उकरली जाईल, मग आणखी जोरात फिरवा. दारापर्यंत पाणी आलं की गावकऱ्यांना हाका मारा. ते दोर आणतील, ट्रॅक्टर आणतील, कमरेइतक्या पाण्यात उभे राहून ओढतील. या वेळी तुम्ही व्हिडिओ काढत असावं. खारं पाणी आत शिरलेल्या गाडीचं पुढे काय होतं ते मेव्हणा सांगेलच.

पोहण्याबद्दल वेगळं काय सांगायचं? “तिकडे खाडीच्या तोंडाशी जाऊ नका, ओढ असते” असं कोणी कोळी म्हणाला तर त्याच्यापाशी जलतरणाचं प्रमाणपत्र आहे का, ते बघून घ्या.

फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला गेलात तर कासवांची पिल्लं बघायला मिळण्याचा संभव आहे. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री पुळणीवर चढते, खड्डा करून शंभरेक अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. पूर्वी ती अंडी माणसं आणि कोल्हे-कुत्रे मिळून संपवत. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने उत्तरेकडच्या वेळासला राखणीचं काम सुरू केलं, पुढे ते आंजर्ल्यापर्यंत आलं. कासवमित्र रोज पहाटेच्या आधी पुळण तुडवतात, अंडी उचलून कुंपणातल्या खड्ड्यात तेवढ्याच खोलीवर ठेवतात, पन्नासेक दिवस वाट बघतात. तुम्ही अशी वाट बघू नका. “शो किती वाजता?” असं थेट विचारा. सकाळ-संध्याकाळ खड्ड्यावरची टोपली उचलतात, पिल्लं निघाली असतील तर सोडतात, नसतील तर नाही, असं उत्तर मिळालं की चढ्या आवाजात सांगा, “आम्ही इतक्या लांबून आलोय.” हे ऐकून वाळूखालची अंडी ओशाळतील.

आणि पिल्लं निघालीच, तर फोनचा दिवा लावायचा. पिल्लू उजेडाच्या दिशेने चालतं. मोकळ्या किनाऱ्यावर समुद्राकडचं आभाळ जास्त उजळ, म्हणून ते पाण्याकडे जातं. तुम्ही दिवा धरलात तर ते तुमच्याकडे येईल. निसर्गाशी एकरूप होणं म्हणतात ते हेच असावं. रात्री पुळणीवर शेकोटी आणि स्पीकर लावलात तर अंडी घालायला आलेली मादी पाण्यातूनच परत जाईल, पण निदान तुमची झोपमोड तरी करणार नाही.

दुसऱ्या दिवशी वाडीत फेरफटका मारताना यजमानांना एक प्रश्न जरूर विचारा: “काका, एवढी उघडी वाडी? झाडं का हो तोडलीत?” काका जरा थांबतील. मग सांगतील, ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ नावाचं वादळ आलं, आजोबांनी लावलेल्या पोफळी आणि माड काही तासांत आडवे झाले, घराची कौलं गेली, कित्येक दिवस वीज नव्हती. नवं रोप लावलं तर सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. तुमच्या खोलीतला एसी लावला, तो मधल्या वर्षांत घर चालावं म्हणून. हे ऐकून “ओह” म्हणा आणि एसी नीट गार करत नाही ही तक्रार त्यातच उरकून घ्या.

परत निघण्याआधी, शेवटच्या चहाला, “इकडे गुंठ्याला काय रेट चाललाय?” हे विचारल्याशिवाय कोकणची सहल पुरी होत नाही. शांतता अशी भाड्याने किती दिवस घ्यायची? समुद्र दिसणारा एखादा सड्याचा तुकडा पसंत करा. शेतजमीन घ्यायला स्वतः शेतकरी असावं लागतं, पण गावाकडच्या सातबाऱ्यावर आजोबांचं नाव कुठेतरी असेलच; वीस वर्षांत तिकडे गेला नसाल तरी शेतकरी असल्याचा अभिमान आताच उफाळून येऊ द्या. जमिनीच्या सातबाऱ्यावर मात्र सामायिक नावांची रांग असेल, त्यातला एक चुलत चुलता डोंबिवलीत सहीला अडून बसेल. त्याला गाठा. मग जेसीबी लावून उतार कापा, करवंदीच्या जाळ्या साफ करा, गडगा पाडून काँक्रीटची भिंत घाला आणि फाटकावर नाव लिहा: ‘नीरव’.

पुढच्या जोडसुट्टीला शेजारचा तुकडा घेतलेलं कुटुंब येईल. त्यांचा स्पीकर तुमच्यापेक्षा मोठा असेल. तेव्हा ग्रामपंचायतीत जाऊन ‘बाहेरची माणसं येऊन आपल्या गावाची शांतता घालवतात’ अशा मजकुराचा अर्ज द्या. ग्रामसेवक दोनदा वाचेल, तुमच्याकडे बघेल आणि काही बोलणार नाही. अर्जाची पोच तेवढी शिक्क्यासकट मागून घ्या.