वायरवर आहे म्हणून पासवर्ड नको?

नमस्कार. "चार कॉम्प्युटरच्या ऑफिसला एवढा पसारा कशाला? सगळं वायरवर आहे, बाहेरचा येणार कुठून? पासवर्ड काढा, 'एव्हरीवन'ला फुल कंट्रोल द्या, काम झालं," असं तुम्ही ऑफिसातल्या शेअर्ड फोल्डरबद्दल, म्हणजे एका कॉम्प्युटरवरच्या पण बाकीच्यांवरूनही उघडणाऱ्या फोल्डरबद्दल, लिहिलंत. 'एव्हरीवन'ला फुल कंट्रोल म्हणजे कुणालाही त्यातल्या फाइल्स वाचायची, बदलायची, पुसायची मुभा. मनापासून सांगतो, हे मला अजिबात पटत नाही.

ज्या राउटरला तुमच्या वायरी जातात, त्याचंच वायफाय बहुधा चालू असतं आणि दोन्हींचं नेटवर्क एकच असतं. बाहेर बसलेल्या क्लायंटला वायफायचा पासवर्ड दिला, की त्याचा लॅपटॉप तुमच्या शेअर्ड फोल्डरपर्यंत पोचलाच. त्याच्यासाठी गेस्ट नेटवर्क वेगळं ठेवा.

पण खरा धोका आतल्याच मशीनचा. रिसेप्शनवर कुणी 'बिल' समजून अटॅचमेंट उघडली, की रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्स लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस, त्या युजरला जिथे जिथे लिहिता येतं तिथल्या फाइल्स लॉक करत सुटतो, झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेल्या शेअर्ड फोल्डरसकट. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा रॅन्समवेअर तर विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या एसएमबी१ या जुन्या पद्धतीतल्या त्रुटीतूनच एका मशीनवरून दुसऱ्यावर गेला. ती त्रुटी बुजवणारा अपडेट (पॅच) मार्चमध्येच आला होता, तो अनेकांनी टाकलाच नव्हता. म्हणून मागच्या वर्षांचे फोल्डर सगळ्यांना फक्त वाचण्यापुरते द्या, आणि बॅकअपची हार्ड डिस्क काम झालं की काढून ठेवा. तुमचं ऑफिस कर सल्लागाराचं. लोकांचे पॅन, आधार, बँक स्टेटमेंट आपल्याकडे विश्वासाने दिलेले असतात हो!

दुसऱ्या मशीनवरून शेअर्ड फोल्डर उघडताना "पासवर्ड टाकला तरी घेत नाही" ही तुमची तक्रार मात्र रास्त आहे. बऱ्याचदा लोक पासवर्डच्या जागी कॉम्प्युटर उघडायचा पिन टाकतात. विंडोजचा पिन त्या एका मशीनपुरताच चालतो, नेटवर्कवरून नाही. ज्या कॉम्प्युटरवर फाइल्स आहेत, तिथे प्रत्येकाच्या नावाचं साधं लोकल अकाउंट काढा, त्याला पासवर्ड द्या आणि दुसऱ्या मशीनवरून तेच नाव-पासवर्ड एकदा टाकून 'रिमेंबर' करा. रोज विचारणार नाही. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये शेअरिंग आणि सिक्युरिटी, दोन्ही टॅबमध्ये परवानगी तपासा. दोन्हींपैकी जी कडक तीच लागू होते.

राहिला स्कॅनर. जुन्या झेरॉक्स मशीनवरचे स्कॅन शेअर्ड फोल्डरमध्ये यावेत म्हणून एसएमबी१ चालू केलंय म्हणता, ते आजच बंद करा. दुसरी सोय होईतोवर स्कॅन पेनड्राइव्हवर किंवा मेलवर घ्या. मशीनचं मॉडेल इथेच कळवा, त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरचा (फर्मवेअरचा) अपडेट आहे का ते बघून सांगतो.