ट्रॉलीचा हूक वर की खाली? दादा, तुमच्या कमेंटला उत्तर

दादा, कमेंट तीनदा वाचली. राग आलाय हे कळतंय, आणि त्यात एक मुद्दा बरोबर आहे, म्हणून दोन ओळींत उरकत नाही, नीट लिहितो. तुमचं म्हणणं असं की "उसाच्या ट्रॉलीला हूक खालीच पाहिजे" हे माझं लिहिणं पुस्तकी आहे, तुम्ही 12 सीझन लोअर लिंकला (ट्रॅक्टरच्या मागच्या, लिफ्टनं वरखाली होणाऱ्या दोन खालच्या दांड्यांना) आडवी पट्टी टाकून लिफ्ट वर घेऊन ओढताय, ट्रॅक्टर पुढून एकदाही उठला नाही, खालचा हूक सरीला घासतो, आणि जड हुकाचा खर्च कशाला, ट्रॉलीचा दांडा अडकवायची पिन जाड टाकली की झालं.

घासतो हे खरं आहे. काळ्या रानात चाक एक वीत खाली जातं तेव्हा खालचा हूक माती नांगरत येतो, हे मी त्या लेखात लिहायला पाहिजे होतं, राहिलं, ती चूक माझीच. पण त्यावर उपाय ट्रॅक्टरचा हूक वर नेणं हा नाही, ट्रॉलीचा दांडा बघा आधी. बहुतेक दांडे सरळ असतात आणि हूक खाली घेतला की ट्रॉली पुढं वाकते, मग माणूस हूक वर घेतो. दांड्याच्या तोंडाशी ट्रॉली बनवणाऱ्याकडून नीट ड्रॉप करून, म्हणजे तोंड खाली उतरवून घ्या, रानात उभ्या उभ्या वेल्डिंग मारून नको, म्हणजे हूक जमिनीपासून दीड फुटावर ठेवूनही ट्रॉली लेव्हलला राहते.

आता "कधी उठला नाही" याबद्दल. माझाही उठला नव्हता, उठेपर्यंत. रानातून रस्त्यावर चढायचा उतार होता, ट्रॉली भरलेली, पट्टी वर, तुमच्यासारखीच. आधी स्टेअरिंग हलकं झालं, एकदम लोण्यासारखं, मी डावीकडं फिरवतोय आणि ट्रॅक्टर सरळच चाललाय, आणि मग बॉनेटच्या पलीकडचा रस्ता दिसायचाच बंद झाला. क्लच दाबला म्हणून पुढची चाकं धाडकन खाली बसली. मडगार्डवर पुतण्या बसला होता. त्या दिवसापासून मी हा विषय सोडलेला नाही, आणि मडगार्डवर कुणाला बसूही देत नाही.

घरी आल्यावर कागदावर हिशोब मांडला, तुम्हीपण मांडा. माझा ट्रॅक्टर साधारण 2 टनाचा, पुढच्या चाकांवर त्यातलं 800 किलो धरा. पुढच्या-मागच्या चाकांत अंतर 2 मीटर, हूक मागच्या अ‍ॅक्सलच्या 70 सेंटिमीटर मागं. दोन चाकी ट्रॉली, उसासकट 10 टन, तिचं 1 टन हुकावर बसतंय. हे 1 टन तराजूसारखं पुढचं 350 किलो उचलतं. त्यावर ट्रॉली ओढायचा जोर, म्हणजे ओढ आली. मऊ रान आणि चढ धरून ओढ दीड टन म्हणूया. हूक 45 सेंटिमीटरवर असेल तर ती ओढ पुढचं अजून साधारण 340 किलो हलकं करते, म्हणजे 690 गेलं, 110 शिल्लक, बसतोय कसाबसा. तोच हूक 80 सेंटिमीटरवर नेला की 600 किलो जातात, बेरीज 950, आणि आपल्याकडं होते 800! ट्रॅक्टर तोच, ऊस तोच, ड्रायव्हर तोच. चढामुळं अजून वजन मागं सरकतं ते यात धरलेलंच नाही.

अजून एक फरक आहे. हूक खाली असला आणि पुढचं उठायला लागलं तर हूक आणखी खाली जातो, ओढीचा जोर तिथंच कमी होतो. ओढच अ‍ॅक्सलच्या वरून असेल, कुणी कुणी टॉप लिंकच्या (मागच्या वरच्या मधल्या दांड्याच्या) जागी साखळी अडकवतात तसं, तर उलटायला दीड सेकंदसुद्धा पुरतो, पाय क्लचवर जाईपर्यंत खेळ संपतो.

म्हणून मी म्हणतो हूक निवडताना "किती टन ओढतो" एवढंच विचारू नका, हुकावर वरून किती बसतंय आणि हूक किती उंच आहे ते बघा. चार चाकी ट्रॉलीचं वजन हुकावर जवळजवळ बसतच नाही, तिला ड्रॉबार (ट्रॅक्टरच्या मागची ओढायची पट्टी) चालतो, पण चिखलात मागची चाकं जागेवर फिरतात कारण त्यांच्यावर दाब नाही. दोन चाकीला दाब मिळतो पण तिला बॉडीला बोल्ट केलेला हेवी हूकच पाहिजे, लिंकवरची पट्टी नको. लिफ्ट तेलाच्या जोरावर फक्त वर उचलते, खाली दाबून धरत नाही, हे विसरू नका. दोन चाकीच्या मागं दुसरी दोन चाकी जोडता तेव्हा मागची पहिलीच्या शेपटावर बसते आणि पुढचा दांडा वर उचलायला बघते, खड्ड्यात पट्टी उडते ती यामुळंच. डबल ओढायचीच असेल तर मागची चार चाकी घ्या.

पिनबद्दल मात्र तुमच्याशी पूर्ण असहमत. माझी जुनी पिन काढून ठेवलीय, मधे झिजून डमरूसारखी झालीय, आणि दांड्याचं भोक लांबट. नुसती जाड पिन टाकली तर ती झिजलेल्या भोकात धडका खाते, उतारावर ट्रॉली मागून ढकलते तेव्हा खाडखाड आवाज येतो तो हाच. भोक नि पिन दोन्ही एकदम दुरुस्त करा, खाली क्लिप आणि बाजूनं सेफ्टी चेन. बांधकामाच्या सळईचा तुकडा पिन म्हणून घालूच नका, तिच्या कंगोऱ्यांनी भोक करवतीसारखं खाल्लं जातं.

आता कारखान्यावर जाल तेव्हा एक करा. आधी नुसता ट्रॅक्टर काट्यावर घ्या, मग भरलेली ट्रॉली जोडून, पण ट्रॉलीची चाकं काट्याबाहेर सपाट जागेवर ठेवून, पुन्हा वजन घ्या. फरक येईल ते हुकावरचं वजन. तो आकडा आणि हुकाची उंची खाली टाका, तुमच्या ट्रॅक्टरचा हिशोब मी इथंच करून देतो.