शिकवणाऱ्याला निकाल देता येत नाही?

कायद्याच्या प्राध्यापकाला थेट सर्वोच्च न्यायालयात नेमावं का, यावर आमच्या शाळेच्या ग्रुपवर जोरदार वाद झाला. कोल्हापूरच्या सर्किट बेंचसमोर वकिली करणाऱ्या मित्राने शेवटी लिहिलं, "ज्याने जन्मात एक उलटतपास घेतला नाही, त्या मास्तरने निकाल द्यायचे?" सगळ्यांनी अंगठे दाखवले. मला त्याचा राग आला आणि तो अजून उतरलेला नाही.

मी अमेरिकेत न्यू हेवनला राहते. वकिली न करता थेट न्यायाधीश झालेले कायद्याचे प्राध्यापक ग्विदो कॅलाब्रेसी इथलेच. जन्म १९३२ चा, मिलानचा. वडील मुसोलिनीचे विरोधक, म्हणून १९३९ साली सगळं घर इटली सोडून इथे आलं. मुलगा इथल्या येल विद्यापीठात शिकला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांच्याकडे लॉ क्लर्क, म्हणजे कायद्याचा मदतनीस, म्हणून काम करून १९५९ पासून येलमध्येच शिकवू लागला. १९८५ ते १९९४ तिथल्या लॉ स्कूलचा डीन होता. पक्षकाराचं वकीलपत्र घेऊन उभं राहणं हा त्याचा व्यवसाय कधीच नव्हता. तरी १९९४ साली क्लिंटन यांनी त्याला सेकंड सर्किटच्या, म्हणजे न्यूयॉर्क आणि आसपासच्या राज्यांसाठीच्या, संघीय अपील न्यायालयावर नेमलं. तेव्हा वय होतं ६१. आपल्या उच्च न्यायालयात ६२ व्या वर्षी निवृत्ती. म्हणजे आपल्याकडे या माणसाच्या वाट्याला जेमतेम काही महिने आले असते. इथे ते नव्वदी गाठेपर्यंत न्यायाधीश राहिले, आणि शिकवणंही सोडलं नाही.

मित्र म्हणतो, वर्गात काय कळतं? कॅलाब्रेसी पहिल्या वर्षाच्या मुलांना एक प्रश्न घालत. एक देव येतो आणि म्हणतो, तुमचं जगणं सुखाचं करणारी वस्तू देतो. बदल्यात दरवर्षी हजार तरुण जीव द्या. घ्याल? मुलं नाही म्हणत. मग ते विचारत, मोटारगाडी यापेक्षा वेगळी कशी? भारतात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. अपघाताचा खर्च कोणी सोसायचा, तो सर्वांत स्वस्तात कोण टाळू शकतो, यावर ज्याने १९७० मध्ये अख्खा ग्रंथ लिहिला, त्याच्यासमोर नुकसानभरपाईचं अपील आलं तर तो कमी पडेल, असं म्हणायला धाडसच हवं.

न्यायाधीश म्हणूनही त्यांनी विचार बाजूला ठेवला नाही. जुनाट कायद्यांचं न्यायालयांनी काय करावं, हा त्यांचा अभ्यासाचा विषय. १९९६ साली मरणासन्न रुग्णाला डॉक्टरने मरायला मदत करण्यावरची न्यूयॉर्कची बंदी त्यांच्यासमोर आली आणि न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. कॅलाब्रेसींनी बहुमताच्या बाजूने, पण वेगळ्या कारणाने लिहिलं: या कायद्यांमागची जुनी कारणं आता झिजली आहेत, विधिमंडळाने पुन्हा विचार करावा, आणि बंदी ठेवायचीच असेल तर आजची कारणं देऊन ठेवावी. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उलटवला. मित्र हेच दाखवून टाळी घेईल. पण प्रश्न चुकीचा होता का? २००९ साली माहेर अरार या कॅनेडियन नागरिकाचा दावा त्यांच्याच न्यायालयाने बहुमताने फेटाळला. अमेरिकेने त्याला सीरियाला पाठवलं होतं आणि तिथे त्याचा छळ झाला होता. कॅलाब्रेसी विरोधात लिहिणाऱ्यांत होते. या निकालाकडे इतिहास विषादाने पाहील, असं त्यांनी आपल्याच सहकाऱ्यांना सुनावलं. त्याला पाठीचा कणा लागतो, सनद नाही.

२००४ मध्ये त्यांनी बुश यांच्या सत्तेवर येण्याची तुलना मुसोलिनीशी केली, त्याची माफी मागावी लागली, तेही खरं. इथे नेमणुका राजकीय असतात, हेही मित्राने ऐकवलं. असतात. पण निदान उघड्यावर असतात.

आणि आपली राज्यघटना तर या बाबतीत मागे नव्हतीच. १९४९ साली ह. वि. कामथ यांनी नामांकित कायदेपंडितालाही सर्वोच्च न्यायालयात घेता यावं अशी दुरुस्ती सुचवली आणि आंबेडकरांनी ती स्वीकारली. मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य राहिलेल्या माणसाला शिकवणाऱ्याची किंमत ठाऊक होती. कलम १२४ मध्ये ती तरतूद अजून आहे. आजवर एकाचीही नेमणूक तिच्याखाली झालेली नाही. उच्च न्यायालयाचा रस्ता तर बंदच: दहा वर्षं वकिली हवी किंवा न्यायिक पद हवं. पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याने वकिली करायची नाही, असाही नियम. मग शिकवणाऱ्याने जायचं कुठून?

माझे काका सोलापुरात कायदा शिकवायचे. त्यांचे विद्यार्थी न्यायाधीश झाले. एखाद्या निकालात काकांचा मुद्दा त्यांच्या नावाशिवाय उतरला की ते कात्रण कापून ठेवत. वेळेत इथे आले असते तर, असं माझ्या मनात किती वेळा येतं. ते आले नाहीत. मी आले, आणि माझा कायद्याशी संबंध ज्युरी ड्यूटीच्या नोटिशीपुरता.

"तू पासपोर्ट बदललास, आता तुला काय करायचंय?" असं मित्राने मला विचारलं. शपथ घेतली तेव्हा हात वर करताना मला काकाच आठवत होते, हे मी त्याला सांगितलं नाही. आईच्या जागेचा दावा तिकडच्या कोर्टात आहे, माझी माणसं तिकडे आहेत, आणि तिथे न्यायासनावर कोण बसतं याने माझी झोप जाते. सेकंड सर्किटच्या निकालाने ती तितकी कधीच गेलेली नाही.