‘कुत्र्याला लाच कसली देता?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

वय बहात्तर असं तुम्हीच लिहिलंत, म्हणून काका म्हणते. कुत्र्याला शिकवण्यावरच्या माझ्या लेखावर तुमचं म्हणणं असं, की खाऊ देऊन कुत्र्याला शिकवणं ही लाच. कोकणात कुत्रा राखणीला असतो, लाडाला नाही. तो लांडग्याच्या जातीचा, त्याला वरचढ मालकच लागतो, आणि निरगुडीच्या फोकासारखा मास्तर नाही. शेवटी जाता जाता लिहिलंत, की तुमचा कुत्रा टिप्या एवढा फोक खाऊनही मोटारसायकलींच्या मागे धावतोच. हे वाक्य नसतं तर मी आभार मानून मोकळी झाले असते.

आधी माझी चूक. ‘फोक उचलणारी माणसं निर्दय’ असं मी त्या लेखात लिहायला नको होतं. आमचे आबा निर्दय नव्हते. पानातला भात-आमटीचा एक घास ते रोज मोत्यासाठी काढून ठेवत. याच मोत्याने एकदा शेजारची कोंबडी मारली. अर्ध्या तासाने तो खळ्यात आला, आबांनी ‘मोत्या, ये’ म्हटलं, तो शेपूट हलवत जवळ गेला आणि आबांनी त्याला सोलून काढला. आबांच्या हिशेबात ती शिक्षा कोंबडीची. मोत्याच्या हिशेबात हाकेला ओ दिल्याची. कुत्रा मार किंवा खाऊ जोडतो तो त्या क्षणी जे चाललंय त्याच्याशी, अर्ध्या तासापूर्वीच्या कोंबडीशी नाही. पुढे कोंबड्या जायच्या थांबल्या नाहीत. मोत्या मात्र हाक ऐकली की पाच हातांवर थबकायला लागला.

पुढच्या भातकापणीत त्याला फुरसं चावलं. पाय सुजून टम्म झाला, तो बांबूच्या बेटात शिरला. आबा वाकून हाका मारत होते आणि त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं की तो फरफटत आणखी आत जात होता. सकाळी मेलेला सापडला. हाती लागला असता तरी वाचला असता असं मी म्हणत नाही. पण त्यानंतर आबांनी कुत्रा पाळला नाही.

आता लांडगा. ही वरचढपणाची गोष्ट बरीचशी आली ती प्राण्यांचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांच्या 1947 च्या निबंधातून. त्यांनी पाहिलेले लांडगे स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेले होते. पुढे ही कल्पना लोकांपर्यंत नेणाऱ्यांत अमेरिकेचे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच होते (उच्चार खरंच ‘मीच’ आहे, वरचढपणाच्या सिद्धान्ताला याहून शोभेल असं आडनाव मिळणार नाही). पण 1999 मध्ये त्याच मीच यांनी लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुतेकदा आईबाप आणि त्यांची पिल्लं, सत्तेची मारामारी नव्हे. आणि समजा असतीच, तरी टिप्या काही लांडगा नाही. हजारो वर्षं माणसाच्या उंबऱ्याशी काढलेला प्राणी आहे तो.

लाचेबद्दल मात्र भांडते. आंबे उतरवणाऱ्या गड्याला संध्याकाळी पैसे देता, त्याला लाच म्हणता का? काम व्हायच्या आधी दाखवली तर लाच, झाल्यावर दिली तर मजुरी. आमच्या चिंगीला मी ‘सोड’ असं शिकवलं: मुठीत उकडलेला बांगडा, काटे काढून, हरभऱ्याएवढा तुकडा. ती मूठ चाटते, पंजा मारते, मी गप्प. कंटाळून तोंड फिरवलं की तत्क्षणी ‘शाब्बास’ आणि दुसऱ्या हातातून तुकडा. सुकट नको, त्यात मीठ फार. बिस्किटांवरचा तुमचा राग मला पटतो, मीही देत नाही. काम पक्कं झालं की मजुरी कधी द्यायची, कधी नुसती पाठ थोपटायची. खरी परीक्षा हर्णैच्या बंदरावर, संध्याकाळच्या लिलावात. पायाशी मासळीचे ढीग पडलेले असताना चिंगी ‘सोड’ म्हटल्यावर सोडते. बहुतेक वेळा. परवा एक बोंबील गेलाच.

राखणीचं म्हणाल तर वानरांवर चिंगी आजही तुटून पडते, शिकवल्यामुळे भुंकणं गेलेलं नाही. रात्री तिला आत घेते, त्याला लाड म्हणू नका. आमच्याकडे बिबट्या खळ्यातून कुत्रे नेतो, तुमच्याकडेही नेत असेल.

टिप्याचं असं करा. तो गाडीमागे धावतो आणि गाडी निघून जाते, म्हणजे त्याच्या मते तोच जिंकला. वर तुमचा फोक पडतो तो घरी परतल्यावर. त्याला लांब दोरीला बांधून रस्त्यापासून इतक्या दूर बसा, की गाडी दिसेल पण तो उसळणार नाही. गाडी दिसली रे दिसली की तुकडा, गेली की तुकडे बंद. उसळलाच तर ओरडू नका, आणखी मागे सरका. चार-पाच दिवसांनी थोडं पुढे. रोज दहा मिनिटं पुरेत, पण दोरी सोडायची घाई नको. पावसाआधी सुरुवात करा, नंतर बसायला कोरडी जागा मिळायची नाही.

फोक पडवीतच असू द्या. वानरांना दाखवायला लागेल.